डावखुऱ्या सुनेची सुरी



शिवणाच्या डब्यातली कात्री जरा हातात घ्या. तिची दोन्ही पाती फाकवून खिडकीच्या उजेडात बघा. प्रत्येक पातं बाहेरच्या अंगाने उतरतं केलेलं दिसेल. आतलं अंग, जिथे दोन पाती एकमेकींना घासून जातात, ते सपाट असतं. सुताराच्या पटाशीचंही तसंच, एक अंग तिरपं आणि दुसरं सपाट. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नसलेली धार आपल्या घरात कितीतरी वर्षांपासून आहे, फक्त आपलं तिच्याकडे लक्ष जात नाही.

माझ्या माहेरी कापडाचं दुकान होतं. वडील दुकानातल्या मोठ्या कात्रीला स्वतः धार लावायचे आणि आम्हा भावंडांना एकच ताकीद असे: आतल्या सपाट अंगाला दगड लावायचा नाही. ते अंग घासलं की पाती एकमेकींना चिकटून जात नाहीत, मधे फट राहते आणि कापड कातरलं न जाता चावलं जातं. बाहेरून कितीही घासा, आतून हात लावू नका. त्या वयात मला तो एक नियम वाटला. त्यामागचं कारण नीट कळलं ते कितीतरी वर्षांनी, ओसाकामध्ये, माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात.

सून डावखुरी आहे. लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिल्याच सणाच्या पंगतीत नात्यातल्या एका आत्याबाईंनी तिच्या डाव्या हातातली पळी काढून उजव्या हातात दिली. ती काही बोलली नाही. वाढणं तिने उजव्या हाताने शिकून घेतलं. बस्तीत अर्घ्य ती उजव्याच हाताने चढवते. पण भाजी चिरताना मात्र उजवा हात तिला ऐकत नाही. आमच्या घरी विळी होती तोवर अडलं नाही. विळीचं पातं जागेवर असतं, भाजीच त्याच्याकडे जाते, त्यामुळे डावं-उजवं फारसं जाणवत नाही. ओसाकाच्या त्या चिमुकल्या घरात विळी नव्हती. ओट्याशी उभं राहून फळीवर सुरीनेच सगळं करायचं.

गेल्या वर्षी तिच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने तिथे होते. पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी पाहिल्या. तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर कायम चिकटपट्टी असे. आणि तिने चिरलेल्या दुधीच्या चकत्या वर जाड, खाली पातळ होत. ती स्वतःच म्हणाली, "आई, माझा हातच वाकडा आहे. घरी पण सगळे म्हणायचे." आठवा महिना लागलेली पोर, मनगट धरून असं बोलत होती. मला ते बरं वाटलं नाही. मी सुरी घेतली आणि खिडकीशी गेले.

सुरी चांगली होती. मुलगा लग्नाआधीपासून तिथे नोकरीला आहे. त्याने ती स्वतःसाठी साकाईमधून घेतली होती. साकाई हे ओसाकाला लागूनच असलेलं गाव सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानात तंबाखू आला, त्याची पानं बारीक चिरायला सुऱ्या लागू लागल्या आणि त्या घडवण्यात या गावाने नाव मिळवलं. पुढे तिथल्या शोगुनांच्या राजवटीने त्या सुऱ्यांवर खास मोहर उठवायची परवानगी दिली. आजही तिथे पातं घडवणारा एक, धार काढणारा दुसरा आणि मूठ बसवणारा तिसरा अशी कामाची वाटणी असते.

मुलाची सुरी नाकिरी जातीची. आयताकृती पातं, टोक नाही, भाजीपाल्यासाठीच बनवलेली. मासळीसाठी त्यांच्याकडे देबा आणि यानागिबा अशा वेगळ्या सुऱ्या असतात. आपल्या घरात भाजीचीच सुरी यावी म्हणून त्याने नाकिरी निवडली होती. आणखी एक गोष्ट त्याने विचारून घेतली होती, तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. जपानी सुरीच्या लाकडी मुठीला पात्याजवळ जी काळी कडी असते, ती पुष्कळदा म्हशीच्या शिंगाची असते. लाकडाची किंवा प्लास्टिकची कडी असलेल्या मुठीही मिळतात. कुणी परदेशातून सुरी आणणार असेल तर आधी हे विचारायला सांगा.

आता धारेकडे. सुरीची धार वर करून टोकाच्या बाजूने पाहिलं, तर उजव्या अंगाचा उतार रुंद आणि डाव्या अंगाचा अरुंद दिसत होता. अशा धारेला सत्तर-तीसची धार म्हणतात. उताराच्या एकूण रुंदीतले सत्तर भाग एका बाजूला, तीस दुसऱ्या बाजूला. ही उजव्या हातासाठी केलेली धार. उजव्या हाताने चिरणारी बाई भाजी डाव्या हाताने धरते आणि चकती उजवीकडे पडते. रुंद उतार उजवीकडे असल्याने तो चकतीला बाहेर ढकलतो, चकती पात्याला चिकटत नाही. पण त्याच उतारामुळे पातं किंचित डावीकडे, म्हणजे हातात धरलेल्या भाजीकडे ओढलं जातं. उजव्या हाताची सवय ती ओढ नकळत सांभाळून घेते.

तीच सुरी डाव्या हातात द्या. आता भाजी उजवीकडे आहे आणि चकती डावीकडे पडते. पातं मात्र अजूनही डावीकडेच ओढलं जातंय, म्हणजे भाजीपासून दूर, चकतीच्या बाजूला. म्हणून चकती वर जाड आणि खाली पातळ. ती सरळ करायची तर प्रत्येक कापाला मनगट पिळावं लागतं, आणि पिळलेल्या मनगटातून सुरी निसटते ती बोटावर. सुनेच्या चिकटपट्टीचं मूळ तिथे होतं. तिचा हात सरळच होता, सुरी दुसऱ्याच्या हाताची होती.

रविवारी आम्ही साकाईला गेलो. तिथल्या एका दुकानात वयस्कर गृहस्थ होते, मुलगा दुभाषा झाला. त्यांनी आधी उसुबा दाखवली. तीही भाजीचीच सुरी, पण तिला उतार एकाच अंगाला. दुसरं अंग सपाट, खरं तर मधे किंचित खोलगट. त्या खोलगट बाजूला ते उरा म्हणतात. अशा एकांगी धारेला त्यांच्याकडे काताबा म्हणतात. उसुबाने तिथले आचारी मुळ्याचा किंवा काकडीचा दंडगोल हातात फिरवत फिरवत कागदासारखी अखंड पट्टी सोलतात, त्याला कात्सुरामुकी म्हणतात. मुळा आपल्याला नको, पण काकडीची ती पट्टी पाहून मी थक्क झाले. तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

उजव्या हाताची उसुबा डाव्या हाताची करता येत नाही. तिचं कठीण पोलाद सपाट अंगाला असतं आणि उताराच्या अंगाला मऊ लोखंड. सपाट अंग घासून तिथे उतार काढायला गेलं तर पोलादच झिजून जाईल. वडिलांच्या कात्रीचाच नियम! डावखुऱ्यांसाठी उसुबा वेगळी घडवतात आणि ती महाग पडते. नाकिरीचं तसं नाही. तिचं पोलाद मधे असतं आणि दोन्ही बाजूंनी मऊ लोखंडाचं अस्तर, लाडूत बदाम भरावा तसं. धार थोडी इकडे-तिकडे सरकवली तरी ती पोलादातच राहते. ते गृहस्थ म्हणाले, घाई न करता दर वेळी थोडी थोडी सरकवा. एकदम खरवडून काढली तर पातं उगाच झिजेल.

मग मी ते काम अंगावर घेतलं.

दगड तिथे सहज मिळतात. त्यांचे तीन वर्ग असतात, खरबरीत, मध्यम आणि गुळगुळीत. मी १००० नंबरचा मध्यम आणि ६००० नंबरचा गुळगुळीत घेतला. मध्यम दगड पाण्यात ठेवला की बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत पंधरा मिनिटं भिजू द्यायचा. सगळे दगड भिजवायचे नसतात, काहींवर नुसतं पाणी शिंपडतात, ते घेताना विचारून घ्या. मी पाणी गाळूनच घ्यायचे. भिजायला पंधरा मिनिटं आणि धारेला पंचवीस. गाळलेल्या पाण्याची ४८ मिनिटांची मर्यादा संपायच्या आत काम उरकायचं. काहीजण दगड कायम बादलीत बुडवून ठेवतात. त्या साचलेल्या पाण्यावर काय काय वाढत असेल हे तुम्हाला सांगायला नको. दगड धुऊन सावलीत, वारं लागेल असा उभा ठेवावा.

बस्तीत गंध उगाळणारीला हे काम नवं नाही. सहाणेवर पाण्याचे चार थेंब, खोड एकाच कलात धरून एका लयीत हात. गंध दाट व्हायला लागतं तसा दगडावरही करडा चिखल जमतो. तो पुसायचा नाही, खरं काम तोच करतो. सहाण मधे खोलगट होते तसा हा दगडही होतो. खोलगट दगडावर पात्याचा कल पदोपदी बदलतो, म्हणून तो अधूनमधून सपाट घासून घ्यावा लागतो.

कल सांभाळणं हेच सगळ्यात कठीण. साधारण १५ अंश हवा. पाच सेंटिमीटर उंचीच्या पात्याला १५ अंशांसाठी पाठ दगडापासून १३ मिलिमीटर उचलावी लागते, म्हणजे माझी करंगळी खाली जेमतेम जाईल एवढी. पहिल्या काही दिवसांत मी खरोखरच करंगळी घालून बघायचे आणि मग काढून घ्यायचे. आणखी एक युक्ती म्हणजे दोन्ही उतारांवर मार्करची शाई लावायची आणि दगडावर दोन-चार हात मारून बघायचं. शाई फक्त धारेपाशी गेली असेल तर पाठ जास्त उचलली गेली आहे. फक्त वरच्या भागातली गेली असेल तर पाठ खाली आहे. सगळी सारखी गेली की कल बरोबर.

मूठ उजव्या हातात, धार स्वतःकडे आणि पाठ पलीकडे धरली की सुरीचं उजवं अंग दगडावर येतं. उलटी करून धार पलीकडे केली की डावं. डाव्या हाताची दोन-तीन बोटं पात्यावर, धारेच्या अगदी जवळ, जिथे घासायचं तिथे ठेवायची. पाठ पुढे जाते तेव्हा जोर द्यायचा, धार पुढे येते तेव्हा हात सैल सोडायचा.

एका अंगावर पुरेसं घासलं की धारेची अतिशय बारीक कड दुसऱ्या अंगाला वळते. जपानीत तिला काएरी म्हणतात, परतलेली. डोळ्यांना दिसत नाही, पण अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर सरकवला तर खरखरीत लागते. अंगठा धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नका, नेहमी धारेच्या आडवा, बाहेरच्या दिशेने. ही वळलेली कड टाचेपासून टोकापर्यंत लागली की ते अंग झालं. मग दुसऱ्या अंगावर हलके हात देऊन ती काढायची.

सत्तर-तीसची धार तशीच ठेवायची असेल तर रुंद अंगाला सात हात आणि अरुंद अंगाला तीन, हे साधं प्रमाण. मला धार सरकवायची होती. म्हणून मी डाव्या अंगाला नऊ हात द्यायचे आणि उजव्या अंगाला एकच, तोही फक्त वळलेली कड निघावी म्हणून. दहा-बारा दिवसांनी एक बैठक. महिन्याभराने दोन्ही उतार सारखे दिसू लागले, पन्नास-पन्नास.

इथे मी थांबले आणि सुनेला विचारलं. मला वाटत होतं की हेच बरं. सारख्या धारेची सुरी कुणाकडेच ओढत नाही, दोघांनाही चालेल. मुलगाही रविवारी स्वयंपाक करतो, त्याचाही हक्क. तिने काकडी चिरून पाहिली, चकत्या सरळ पडल्या. ती खूश झाली. पण थोड्या वेळाने जवळ आली आणि जरा संकोचत म्हणाली, "आई, अजून थोडी माझ्याकडे करता येईल का? रोज मीच चिरते ना." लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दगड भिजत घातला.

परतायच्या आधी धार तीस-सत्तर झाली, रुंद उतार डावीकडे. बाळ तोवर महिन्याचं झालं होतं आणि सून पुन्हा ओट्याशी उभी राहू लागली होती. चकत्या डावीकडे एकेक सुटून पडायच्या. तर्जनीवरची चिकटपट्टी गेली. रविवारी मुलाने फरसबी चिरायला घेतली आणि दोन मिनिटांत वैतागला. "आई, ही सुरी माझ्या हातात वाकडी जातेय!" सून बाळाला थोपटत होती. तिथूनच शांतपणे म्हणाली, "मग तुमचा हातच वाकडा असेल." तो क्षणभर बघत राहिला, मग आम्ही तिघंही हसलो. त्याने नंतर स्वतःसाठी एक छोटी सुरी आणली.

आता पट्ट्याबद्दल, कारण आपल्या घरांत खरी अडचण तिथे येते. दगडावरून काढलेल्या धारेला वळलेल्या कडेचे सूक्ष्म धागे चिकटून राहतात. ते काढायला आणि धार सरळ करायला शेवटचा हात पट्ट्यावर देतात, न्हाव्याच्या दुकानात वस्तऱ्याला देत असत तसा. तो पट्टा चामड्याचा. त्यावर चोळायच्या मेणासारख्या ज्या वड्या मिळतात, त्यांतही पुष्कळदा प्राण्यांची चरबी असते. दोन्ही आपल्याला वर्ज्य.

चामड्यावाचून अजिबात अडत नाही. जपानात धार लावणारे कितीतरी लोक शेवटचा हात वर्तमानपत्रावर देतात. घडी केलेला कागद गुळगुळीत दगडावर किंवा काचेवर ठेवायचा आणि त्यावर सुरी ओढायची. दुसरा उपाय मी केला. मुलाच्या जुन्या जीन्सचा तुकडा धुऊन, वाळवून एका सपाट फळीवर घट्ट ताणून बसवला. काही लावायचंच असेल तर क्रोमियम ऑक्साइडची कोरडी हिरवी पूड मिळते, ती खनिज आहे. चिमूटभर पुरते, आणि नंतर सुरी नीट धुवायची. मी नुसत्या कापडावरच काम भागवलं.

असमान धारेला तर हे कापड-कागदच अधिक मानवतं. चामडं मऊ असतं. जोर दिला की दबतं आणि धारेभोवती वर चढतं, त्यामुळे धारेचा कोपरा गोल होतो. दोन अंगांचे उतार मुद्दाम वेगळे राखलेले असतात, तेच तिथे पुसट होतात. दगडावर अंथरलेला कागद दबत नाही. नियम तीनच. हालचाल नेहमी पाठ पुढे ठेवून, धार मागून ओढत यावी, नाहीतर कापडच चिरलं जाईल. ज्या अंगाचा जो कल दगडावर होता तोच इथेही, शेवटी पात उचलताना मनगट वळवायचं नाही. आणि जोर सुरीच्या वजनाएवढाच. रुंद अंगाला सात, अरुंदला तीन, मग शेवटी एकेक आलटूनपालटून चार-पाच वेळा. उसुबासारखी एकांगी सुरी असेल तर सपाट अंग पूर्ण टेकवूनच ओढायचं, केसभरही उचलायचं नाही.

धार आली की नाही हे बघायला बोट नको. सुरी धार वर करून दिव्याखाली धरा. जिथे बारीक चमक दिसेल तिथे धार नाही. धारदार कडेवर प्रकाश थांबतच नाही. मग पिकलेला टोमॅटो घ्या. न दाबता, सुरीच्या वजनाने साल तुटली पाहिजे.

परत आल्यावर हे सगळं मी आमच्या स्वाध्याय मंडळात सांगितलं तेव्हा एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारलं, शस्त्राला धार लावण्यात श्राविकेने इतका जीव का ओतावा? प्रश्न योग्य आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यांत हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं, म्हणजे हिंसादान, येतं. म्हणून जुन्या बायका सुरी-विळी शेजारी उसनी देत नसत. मी त्यांना एवढंच सांगितलं की अनर्थ म्हणजे विनाकारण. घरात भाजी रोज चिरली जाणारच आहे. ती कशी चिरली जाते, हा आपल्या हातातला भाग. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचा विचार प्रमादापासून सुरू होतो, आणि बोथट सुरीसारखं प्रमादाचं दुसरं घर नाही. भेंडी, वालाच्या शेंगा, मटार आपण शोधून चिरतो. बोथट सुरी दाबून पुढे जाते, आत अळी असली तर ती दिसायच्या आधीच चिरडली जाते. धारदार सुरी अलगद उघडते, काप स्वच्छ दिसतो आणि हात वेळेवर थांबवता येतो. शिवाय बोटही पंचेंद्रिय जीवाचंच आहे, त्याचीही दया हवी की नको? बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग माझ्या विळीचं पण बघ एकदा.

घरी असमान धारेची सुरी असेल, किंवा पुढे कुणी आणून दिली, तर ती दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे देण्याआधी विचार करा. त्याचं चाक वेगाने फिरतं आणि तो सवयीने दोन्ही अंगं सारखीच घासतो. बाजारात मिळणाऱ्या, खाचेतून सुरी ओढायच्या उपकरणाचंही तेच. त्याला दोन्ही बाजू सारख्याच करता येतात. खाचांची लोखंडी कांबही या कठीण पोलादाला नको, धारेचे टवके उडतात. आणि असं पोलाद गंजतंही लवकर. लिंबू-टोमॅटो चिरल्यावर लगेच धुऊन कोरडी पुसावी. तेल लावायचंच तर जपानात त्यासाठी कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात, ते वनस्पतीचंच असतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी सुनेला शेजारी बसवून एक पूर्ण बैठक तिच्याकडून करून घेतली. दगड मी उलट्या बाजूने मांडून दिला, कारण तिला मूठ डाव्याच हातात हवी होती. सुरुवातीला कल डगमगला, मग तिने स्वतःच करंगळी घालून बघितली आणि हात स्थिर झाला. सुरीच्या खणात आतून मी एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे, पुढे कुणी धार लावेल त्याने परत "नीट" करून ठेवू नये म्हणून. तिच्यावर एवढंच लिहिलं आहे: डावं अंग ७, उजवं अंग ३. सुरी बरोबर आहे.

जय जिनेंद्र.